चार बोटे डावीकडे

खोली भाड्याने देण्याआधी घरमालकांनी माझी परीक्षा घेतली. परसात कडब्याच्या पेंढ्या दाबून रचलेली भिंत होती आणि तिच्या मध्यावर चुन्याचा रुपयाएवढा ठिपका होता. पन्नास पावलांवरून त्यांनी एक बाण सोडला, धनुष्य खाली घेतले आणि विचारले, "किती?"

मी भिंतीजवळ गेलो. बाण ठिपक्याच्या डाव्या अंगाला रुतला होता. बोटे लावून पाहिली आणि सांगितले, "तीन बोटे डावीकडे. वर-खाली काही नाही."

"खोली तुही झाली," ते म्हणाले.

माझ्या आधी तिथे एक तलाठी राहत होता. तो प्रत्येक बाणाला "लागला, लागला" म्हणायचा. चार महिन्यांनी एका सकाळी त्याची ट्रंक ओट्यावर आणून ठेवलेली त्याला दिसली. "मानूस वाईट नव्हता," ते मला म्हणाले, "पन त्याच्यापायी माह्ये दोन तीर बिघडले. मले वाटे मधात चालले."

हे १९५७ सालचे. मी बोरी अरबला कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून होतो आणि आठवड्यातून दोनदा नागपूरच्या एका दैनिकाला टपालाने बातम्या पाठवत होतो. घरमालक रेल्वेच्या छोट्या लाइनीवर सांधेवाला होते, म्हणजे गाडी येण्याआधी रुळांचा सांधा एका लाइनीवरून दुसरीवर वळवण्याचे काम करत. त्यातून ते निवृत्त झाले होते. वय साठीच्या आसपास, अंगाने वाळके, मान किंचित उजवीकडे कललेली. घरात ते आणि त्यांची बायको. तिला सगळा गाव याडी म्हणे. गोरबोलीत, म्हणजे बंजारांच्या भाषेत, आईला याडी म्हणतात. त्यांना मूल नव्हते. बाजारात त्यांचे नाव तीरवाला बुढा असे पडले होते, आणि ते त्यांना ठाऊक होते.

धनुष्याला ते कमान म्हणत. पोटाला म्हशीचे शिंग, मधे लाकूड, पाठीवर जनावरांच्या शिरांचे थर, वरून काळे रोगण. दोन्ही टोके पुढे, नेम धरणाऱ्यापासून लांब वळलेली. दोरी उतरवली की ती सगळीच्या सगळी उलट दिशेला वाकून बसे. नवख्याला वाटावे, कोणी रागाने उलटी करून ठेवली आहे. त्यांच्या पणजोबांच्या काळात तांड्याची लदेणी चाले. मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादलेले बैल वऱ्हाडातून खाली तेलंगणात जात आणि परत येत. लदेणीच्या पुढे कमान घेऊन चालणारा माणूस यांच्या घरातला असे. पुढे रेल्वे आली, बैल गेले, तांडे एका जागी बसून शेती करू लागले. कमान राहिली आणि तिच्याबरोबर एक रिवाज राहिला.

त्यांचा तांडा बोरीपासून दोन कोसांवर होता. दसऱ्याच्या सकाळी तांड्याबाहेरच्या मोहाच्या फांदीला भोपळ्याचा एक वाळलेला तुंबा टांगत. त्याच्यामागे मातीची जुनी भिंत होती. कमान ज्याच्या घरी त्याने साठ पावलांवरून एकच बाण सोडायचा. तुंबा वाजला तर कमान आणखी एक वर्ष त्याच्याकडे. नाही वाजला तर धाकट्या भावाकडे, आणि त्याचा चुकला तर चुलत भावकीत. दुसरा बाण नाही, तक्रार नाही. मी आलो तोवर एकवीस दसरे तुंबा त्यांच्या हातून वाजला होता.

त्या कमानीचे मोल त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. याडीने एकदा भाकरी थापताना सांगितले. "थे घरात हाय म्हून तांड्यातले लोक आमच्या घरी येतेत, बाबू. नाही तं बिनलेकराच्या घरी कोन येते?"

कमान वारशाने मिळते, बाण जुळवावे लागतात. बाण सुटतो तेव्हा सरळ निघत नाही. दोरीचा धक्का बसला की काडी वाकते, कमानीच्या अंगाला वळसा घालून बाहेर पडते आणि मग सरळ होते. कमान जेवढी जोरकस, तेवढी काडी ताठ पाहिजे. काडी त्याहून ताठ असली तर उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो, नरम असली तर उजवीकडे. हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवले आणि दुसऱ्या आठवड्यात उलट विचारले.

त्यांच्याकडे शिसवाची एक फळी होती. तिच्यावर हातभर अंतराने दोन खिळे. बांबूची काडी त्या खिळ्यांवर आडवी ठेवायची आणि तिच्या मध्यावर रेल्वेचा एक भंगारातला बोल्ट दोऱ्याने टांगायचा. काडी झुके. ती किती झुकली पाहिजे याची खूण त्यांच्या वडिलांनी फळीवर चाकूने केली होती. काडी खुणेच्या वर राहिली तर ताठ, खाली गेली तर नरम. ताठ काडी कंदिलाच्या फुटक्या काचेने खरवडायची, पुन्हा टांगायची, पुन्हा खरवडायची. नरम निघालेली काडी ते चुलीपाशी नेऊन ठेवत. लाकूड काढता येते, घालता येत नाही, एवढेच त्यावर म्हणत. मग वजन. दोन बाण एका आडव्या काटकीच्या दोन टोकांना बांधून ती दोऱ्याला टांगत आणि काटकी स्थिर होईपर्यंत श्वास रोखून बसत. पिसे गिधाडाची, एका बाणाची तिन्ही एकाच पंखातली. शेवटी नखाने काडीवर टिचकी मारून कानाशी धरत. एका बाणाला दीड महिना लागे. असे बारा बाण होते.

माणसांचाही ते असाच हिशेब मांडत. शाळेचे हेडमास्तर ताठ, म्हणून डावीकडे जातात. सरपंच नरम. जिनिंगचे मालक सकाळी ताठ आणि संध्याकाळी नरम. एकदा मी माझ्याबद्दल विचारले. "काडी बरोबर हाय तुही," ते म्हणाले, "पन पिसं नाही लावले कोनी."

मी त्यांच्यावर एक मजकूर लिहून नागपूरला पाठवला होता. तो छापून आला नाही. उपसंपादकाने पोस्टकार्डावर विचारले, यात घडले काय? त्या वेळी काही घडलेले नव्हते.

रोज सकाळी जिनिंगच्या भोंग्याआधी ते बारा बाण सोडत आणि मी भिंतीपाशी उभा राहून आकडे सांगत असे. सुरुवातीला दोन-तीन बोटांचा फरक असे, कधी इकडे, कधी तिकडे. १९५८च्या उन्हाळ्यापासून तो सारखा एकाच बाजूला पडू लागला. चार बोटे डावीकडे. पुन्हा चार बोटे डावीकडे. बाराही बाण.

"काड्या वाळल्या," ते म्हणाले. "वाळलेली काडी ताठ होते."

त्यांनी काच घेतली. पंधरा दिवसांनी बाण मध्यावर आले. त्या दसऱ्याला बाण तुंब्याच्या डाव्या कडेला लागून गेला. तुंबा वाजला, पण गरगर फिरला. हिवाळ्यात पुन्हा चार बोटे डावीकडे, पुन्हा काच. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा. फळीवर वडिलांच्या खुणेखाली त्यांची एक खूण झाली, मग तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. मी ती पाहत होतो. मला विचारले जात होते ते एवढेच, किती. मी अचूक सांगत होतो. त्यांचा त्यावर विश्वास होता आणि मी सांगितलेल्या प्रत्येक बोटामागे बारा काड्यांचे लाकूड जात होते.

दुसऱ्या काही गोष्टीही दिसत होत्या. पाणी पिताना तांब्याची धार पेल्याच्या बाहेर पडे. उजवीकडून कोणी आले की ते आवाज ऐकल्याशिवाय ओळखत नसत. १९५९च्या पोळ्यानंतर एक दिवस याडी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"त्यायचा उजवा डोळा गेला हाय, बाबू. वरीस-दीड वरीस झालं."

"त्यांना सांगितलं?"

"माह्यं नाही आयकत. तुह्यं आयकतेत. तू खोटं नाही बोलत म्हून."

मी कामानिमित्त यवतमाळला गेलो तेव्हा एका डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, असे होते. नेम धरणारा डोळा अधू झाला की दुसरा डोळा ते काम आपसूक उचलतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. मोतीबिंदू हळूहळू चढतो. मी परतीच्या गाडीत कागदावर दोन डोळे, बाणाचे टोक आणि ठिपका काढून पाहिला. उजव्या गालाशी ओढलेला बाण डाव्या डोळ्याने जुळवला तर तो डावीकडेच जाणार होता. ताठ काडी जाते तसाच.

दुसऱ्या सकाळी बाण सुरू करण्याआधी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "डावा डोळा झाका. मी बोटं दाखवतो. किती ते सांगा."

त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला. बराच वेळ माझ्या दिशेने पाहिले. मग म्हणाले, "आज हजामत नाही केली तू."

मी केली होती. मी बोटे दाखवत तसाच उभा राहिलो. त्यांनी हात खाली घेतला.

"डोळा बुढा झाला हे मले मालूम हाय," ते म्हणाले. "पन मी दोन्ही डोळे उघडे ठेवतो. तीर डावीकडं गेले थे काडीपायी. काडी ताठ होती, मी बसवली. आता थे तीर कोनाच्याबी हातून सुटू दे, मधातच जाईन."

"मग दुसऱ्या कोणाला सोडू द्या."

हे बोलायला नको होते असे मला आज वाटते. तेव्हा ते योग्य वाटले होते.

दसऱ्याला आम्ही तिघे तांड्यात गेलो. त्यांचा धाकटा भाऊ तिथे कापूस आणि तूर पेरत असे. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, दंडाने भरलेला, थट्टेखोर. बापाने दोघांनाही कमान ओढायला शिकवली होती. माणसे जमली. तांड्याच्या प्रमुखाने, म्हाताऱ्या नाईकाने, तुंबा टांगला. घरमालकांनी दोरी चढवली, बारांतला एक बाण निवडला आणि दोन्ही वस्तू भावापुढे धरल्या.

भावाने हात मागे घेतले. "भिया, मान तुहा हाय. मी कायले?"

"तू ओढ. माह्या घराकडून ओढ."

"कामून, रात्री जास्त झाली का?" माणसे हसली. ते हसले नाहीत. भावाने मग विचारले, "आन चुकला तं?"

"नाही चुकत. चुकला तं कमान घेऊन जाय."

याडीने पदराचे टोक तोंडाशी नेले. भावाने बाण लावला, ओढला, नीट थांबला आणि सोडला. तुंबा वाजला नाही. बाण मागच्या भिंतीत गेला. 

"किती?" त्यांनी विचारले.

तांडा माझ्याकडे पाहत होता. मी भिंतीपाशी गेलो, तुंब्याच्या मध्याच्या सरळ रेषेत एक बोट टेकवले आणि तिथून मोजले.

"एक वीत उजवीकडे."

"खाली?"

"नाही. वर-खाली काही नाही."

नाईक म्हणाला, "हवा होती."

"हवा नव्हती," ते म्हणाले.

ते चालत भिंतीपाशी आले. बाणावर हात ठेवला, तिथून तुंब्याच्या रेषेपर्यंत वीत टाकली. मग त्यांनी डावा डोळा मिटला आणि तुंब्याकडे पाहिले. तो उघडला, उजवा मिटला आणि पुन्हा पाहिले. असे दोनदा केले. मी त्यांच्या बाजूलाच होतो. त्यांचा चेहरा बदलला नाही.

"नेम बरोबर होता याचा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "तीर मी बिघडवले, खरवडून नरम केले. बाराही."

भावाला कमान नको होती. तो म्हणत राहिला, "भिया, पोरखेळ झाला, तू सोड एक." पण दुसरा बाण नव्हता. त्यांनी दोरी उतरवली, कमान उलटी वळून बसली आणि ती त्यांनी भावाच्या हातात दिली. "रोज उतरवत जाय," एवढे सांगितले. "चढवून ठेवली तं मरते."

परत येताना बैलगाडीत याडी मधे बसली होती. 

बारा बाण त्यांनी परसात कारल्याच्या वेलाला टेकू म्हणून रोवले. पिसे तशीच होती. पावसात ती काळी पडली. तांड्यातले लोक दिवाळीला आले, संक्रांतीला दोघे आले, पुढे येईनासे झाले. कमान आता तांड्यातच होती, तिच्यासाठी दोन कोस चालायची गरज नव्हती. यवतमाळला डोळ्यांचे शिबिर भरले तेव्हा मी बातमी दिली आणि त्यांनाही चला म्हणालो. ते म्हणाले, "आता पाहून काय करू?"

तीन महिने ते नुसते बसून होते. मग एका सकाळी फळी बाहेर आली. कमान घरात नाही, डावा डोळाही धुरकट होत चाललेला, आणि त्यांनी नवे बारा बाण करायला घेतले. आपल्या तिन्ही खुणा त्यांनी रंध्याने काढून टाकल्या होत्या. वडिलांची खूण ठेवली. काडी टांगायची आणि अंगठ्याचे नख त्या खुणेत घालून काडी नखाला टेकते का ते पाहायचे. बाकी सगळे स्पर्शाने आणि कानाने. काच हातात असताना ते दर दोन ओढींनी थांबत. पूर्वी असे थांबत नसत. याडी पिसे निवडून देई. मी फक्त दोऱ्याची गाठ पाहून देत असे, कारण सकाळचे आकडे सांगायचे काम संपले होते.

"कोनासाठी करता?" मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारले.

"कमानीसाठी."

त्याला जवळजवळ दोन वर्षे लागली. मधल्या दसऱ्याला भावाने तांड्यातल्या कोणाचा तरी साधा बाण लावला आणि तुंब्याच्या बुडाला कसाबसा लावला. १९६१च्या दसऱ्याला ते नवे बारा बाण फडक्यात गुंडाळून तांड्यात आले. आता दिसत जवळजवळ काहीच नव्हते. त्यांना मोहाच्या झाडापासून थोड्या अंतरावर खाटेवर बसवले. भावाने कमान आणली. ती घरातूनच चढवलेली आणली होती. मला त्यात काही वावगे वाटले नाही. नंतर कळले की भावाच्या बायकोला उतरवलेली कमान पाहवत नसे. उलटी वळलेली वस्तू घरात ठेवणे तिला अशुभ वाटे. दोन वर्षे ती चुलीच्या वर, खुंटीला, चढवलेलीच टांगलेली होती.

भावाने त्यांच्या हातून एक बाण घेतला. या वेळी थट्टा केली नाही. "भिया, हा चुकला तं कमान भावकीत जाते," तो हळू म्हणाला.

"तीर बरोबर हाय. ओढ."

त्याने ओढला आणि सोडला. वाळलेला तुंबा वाजतो तेव्हा पोकळ, मोठा आवाज होतो. तो झाला नाही. मातीत काही शिरल्याचा दबका आवाज झाला. खाटेवरून प्रश्न आला.

"किती?"

मी भिंतीपाशी गेलो. मोजायची गरज नव्हती तरी मोजले. मागे वळून पाहिले तर भाऊ मान खाली घालून उभा होता आणि याडी माझ्याकडे पाहत होती. त्यांचे दोन्ही डोळे आभाळासारखे पांढरे झाले होते आणि ते माझ्यापासून थोडे बाजूला रोखलेले होते. चार वर्षांत मी त्यांना सांगितलेला एकही आकडा चुकीचा नव्हता.

"मधात," मी म्हणालो. "लागला."

तांड्यातले कोणी हलले नाही. त्यांनी कान थोडा माझ्याकडे वळवला.

"तूबी तलाठीच निघाला, बाबू," ते म्हणाले.

माझा हात अजून बाणावर होता.

"दोरी ढिली वाजली. मी आयकली. तीर मातीत गेला थेबी आयकला. आता खरं सांग, किती?"

"चार बोटे डावीकडे. एक वीत खाली."

 त्यांच्या मांडीवर उरलेले अकरा बाण होते आणि त्यांवर त्यांचा हात मागेपुढे फिरत होता.

"मंग तीर बरोबर हायेत," ते म्हणाले. "कमान मेली. पह्यलेच सांगतलं असतं तं मले इचारा नसतं लागलं."

कमान त्याच दिवशी चुलत भावकीत गेली. तिचे पुढे काय झाले याची मी चौकशी केलेली नाही. अकरा बाण त्यांनी परत आणले आणि फळीशेजारी भिंतीला टेकवून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवरून अंघोळ करून आलो तेव्हा माझी ट्रंक ओट्यावर होती. कपडे घड्या घालून आत ठेवलेले होते, बातम्यांची वही वर होती. पट्टे नीट आवळून बांधलेले होते.